निळी नको

मेडिकलच्या तेवीस नंबर वॉर्डात
पलंगाखाली चटई टाकून बसलेल्या देवेला
मी विचारलं, काय काय पाठवू?
हातात छापील फॉर्म:
चादर, ताडपत्री, मीठ, साबण, मच्छरदाणी.
प्रत्येकापुढे चौकट, चौकटीत फुली मारायची.

पुंगाटी सिस्टर भामरागडची.
तिची माडिया आणि देवेची कोया
एका नदीचे दोन काठ,
जोरात हाक दिली तर ऐकू जाते.
बराच वेळ ऐकून ती माझ्याकडे वळली,
"ताडपत्री पाहिजे म्हणते, ताई.
पण निळी नको म्हणते."

मला जरा लागलंच.
निळा माझ्या घरचा रंग.
"काऊन? निळीनं काय केलं?"

"निळी दुरून दिसते."

सलाईन टपकत होती.
मासाच्या पायाला बांधलेली वीट
पलंगाच्या टोकाशी हळूच हलत होती.
मासा नऊ वर्षांचा. फॉर्मवर लिहिलेला
सध्याचा पत्ता, देवेच्या बोटांवर पाचवा.
पहिलं गाव जळालं
तेव्हा ती याच्याएवढीच होती.
कोणी जाळलं, हे विचारणार होते,
सिस्टरनं डोळ्यांनीच नको म्हटलं.
पुढची चार कोणी कोणी पाडली
ते देवेनं आपणहून सांगितलं,
आठवडी बाजारातले भाव सांगावेत तसं.

नवतपाचा चौथा दिवस.
इतवारीत डांबर चप्पल धरून ठेवत होतं.
दुकानोदुकानी निळ्या थप्प्या.
निळी स्वस्त, निळी टिकते, निळी सगळेच नेतात,
"वाटायचीच आहे ना बाई? मग रंगाचं काय घेऊन बसल्या?"
तेवढ्यात संस्थेतून डोंगरेसाहेबांचा फोन:
दात्याचं नाव दोन फुटी अक्षरात,
पांढऱ्या रंगात, फोटोत यायला पाहिजे.
मी म्हटलं, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही.
येत होता.

लेखूमलच्या दुकानात मागच्या अंधारात
एक गठ्ठा होता, पाचोळ्याच्या रंगाचा,
चार वर्षं कोणी न विचारलेला.
"कोणासाठी?"
सांगितलं.
"कितवं वर्ष?"
विसावं.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
"आमची बुआ बराकीत राहिली, जरीपटक्याला.
वाटपात खाकी कांबळी आली होती.
नंतर मरेस्तोवर तिनं
खाकी चिंधीसुद्धा घरात येऊ दिली नाही.
आम्ही हसायचो."
भाव त्यानं एक रुपयानं कमी केला नाही.
दोरीची दोन बंडलं मात्र बिलात दिसली नाहीत,
आणि मी बोट ठेवलं तर
तो वजनकाटा पुसत बसला. काटा स्वच्छच होता.

निळ्या घेतल्या असत्या तर अठ्ठावन्न.
या एक्केचाळीस.
सतरा घरांची नावं पर्समध्ये घेऊन
मी पुन्हा वॉर्डात गेले.
देवेनं यादी सिस्टरकडून दोनदा वाचून घेतली,
कितीतरी वेळ बोटांची पेरं मोजली,
मग मासाच्या अंगावरची माशी हाकलली.
काय ठरलं, ते मला कळलं नाही.
सिस्टर म्हणाली, "ते लोक पाहून घेतील, ताई."

रात्री लाईट गेली म्हणून गच्चीवर आले.
उंटखान्यापासून पार मानेवाड्यापर्यंत
कूलरवर, टाक्यांवर, पानठेल्यांवर
निळंच निळं, चांदण्यातही ओळखू येणारं.
कोणी लपवत नव्हतं.
आमच्या गच्चीवर बाबांनी रोवलेला झेंडा आहे,
मुद्दाम पंधरा फुटी बांबूवर.
मी लहानपणी विचारलं होतं, एवढा उंच कशाला?
ते म्हणाले होते,
दुरून दिसला पाहिजे.

वारा नव्हता.
झेंडा बांबूला चिकटून होता.
खाली कोणीतरी जनरेटरची दोरी ओढत होतं,
पुन्हा, पुन्हा, पेट घेत नव्हता.